नावाचा बाजार

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण सारे शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु हातात कथलाचा वाळासुद्धा नसताना नुसते ‘सोनूबाई’ हे नावच लाखो रुपयांना विकले जाऊ शकते, असे मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते, तर माझा विश्वास बसला नसता. इंटरनेटवरच्या नावांचा, म्हणजेच डोमेन-नावांचा, असा बाजार आज जगभर चालतो. या बाजारात मी स्वतः साडेतीन हजार रुपये घेऊन उतरले होते. त्यातून पैसा मिळाला नाही. पण काही गोष्टी मात्र चांगल्याच समजल्या. त्या माझ्या वर्गबंधुभगिनींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे वडील मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बसतात. बुधवार आणि रविवार हे त्यांचे बाजाराचे वार. कुलपे, नळाच्या तोट्या, पाने, पकडी, बिजागऱ्या असा त्यांचा माल असतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच; त्यामुळे घरात माझ्या शब्दाला माझ्या वयापेक्षा जरा जास्तच वजन आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून मिळालेल्या पैशांतले काही मी बाजूला ठेवले होते. ते कशात घातले हे घरी सांगितले, तेव्हा अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी एवढेच विचारले, “म्हणजे नक्की काय घेतलंस? हातात घेऊन बघता येतं का?” मला धड उत्तर देता आले नाही. तेव्हा आधी त्या प्रश्नाचेच उत्तर देते.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. नेहमीच्या पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान, आणि मध्ये टिंबे. यंत्राला हा पत्ता सोपा, पण माणसाच्या लक्षात तो कसा राहावा? अगदी सुरुवातीला संगणक मोजकेच होते. तेव्हा कोणत्या नावाचा आकडा कोणता, याची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि सगळे तिच्यावरून काम चालवीत. पुढे संगणक वाढले, यादी पुरेनाशी झाली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञाने नावांची एक नवी व्यवस्था मांडली. आज आपण मोबाईलवर एखादे नाव टंकतो, तेव्हा हीच व्यवस्था क्षणार्धात त्या नावामागचा आकडा शोधून देते.

ही व्यवस्था टपालखात्यासारखी चालते. पाकिटावर आपण आधी नाव, मग पेठ आणि शेवटी शहर लिहितो. पण टपालखाते ते उलट वाचते. आधी शहर, मग पेठ, मग घर. डोमेन-नावही असेच मागून वाचले जाते. आपल्या विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. त्याचा इंटरनेटवरचा पत्ता ‘युनिपुणे डॉट एसी डॉट इन’ असा आहे. यातले ‘इन’ म्हणजे भारत, ‘एसी’ म्हणजे शैक्षणिक संस्थांचा विभाग आणि ‘युनिपुणे’ म्हणजे त्या विभागातले आपले घर. विद्यापीठाचे नामांतर २०१४ साली होऊन ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. परंतु हा पत्ता मात्र जुनाच राहिला. एकदा लोकांच्या तोंडी बसलेला पत्ता बदलणे किती जड जाते, हे यावरून ध्यानात यावे. या बाजाराचे सगळे मर्म इथेच आहे.

‘डॉट कॉम’ या विभागातले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. ते ‘सिम्बॉलिक्स’ या अमेरिकन संगणक-कंपनीचे होते. त्यानंतर दहा वर्षे नावनोंदणीला पैसे पडत नसत. १९९५ साली प्रथमच दोन वर्षांना १०० डॉलर असे शुल्क बसले. जगातल्या नावांची देखरेख करण्यासाठी १९९८ साली ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. आपल्या ‘डॉट इन’ची व्यवस्था सुरुवातीला मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था पाही. त्या काळी ‘डॉट इन’ नाव मिळवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते, आणि नावेही थोडीच होती. २००५ साली हे काम ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आले आणि ही नावे सर्वांसाठी खुली झाली. आज ‘डॉट कॉम’ नावे पंधरा कोटींहून अधिक आहेत.

या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर त्या विभागाचे मूळ दप्तर सांभाळणारी संस्था. ‘डॉट इन’साठी ती निक्सी. तिच्या खाली परवानाधारक नोंदणी-विक्रेते. यांच्याच संकेतस्थळावर जाऊन आपण नाव घेतो. आणि शेवटी आपण, म्हणजे नोंदणीधारक. आता अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आपण नाव ‘विकत’ घेतच नाही. आपण ते एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत वापरायला घेतो. मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. नाही भरले, तर काही दिवसांची सवलत मिळते, आणि मग ते नाव सुटून पुन्हा बाजारात येते.

मग जी वस्तू आपली नाही, ती विकता कशी येते? पुण्यामुंबईच्या जुन्या वाड्याचाळींत राहणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. पगडीच्या खोलीचे मालक आपण नसतो. महिन्याचे भाडेही किरकोळ असते. पण ती खोली दुसऱ्याला देताना मोठी रक्कम हातात पडते, कारण खोली मोक्याच्या जागी असते. डोमेन-नावाचा व्यवहार बराचसा असाच आहे. वर्षाचे भाडे काही शे रुपये किंवा हजाराच्या आसपास. पण ते नाव दुसऱ्याच्या नावे करून देताना सांगितलेली किंमत लाखांतही असू शकते.

किंमत एवढी का वाढते? कारण चांगली जागा मर्यादित आहे. इंग्रजी अक्षरे २६. दोन अक्षरांची नावे करायची म्हटली तर ६७६ होतात. तीन अक्षरांची १७,५७६, आणि चार अक्षरांची ४,५६,९७६. ‘डॉट कॉम’मधली ही सगळी नावे केव्हाच घेतली गेली आहेत. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्दही तसेच. आता जो नवा धंदा सुरू करील, त्याला एक तर लांबलचक, अवघड नाव घ्यावे लागते, किंवा आधीच्या धारकाकडे जाऊन हात पसरावे लागतात.

या धंद्याचे मुख्य प्रकार मला तीन दिसले. पहिला प्रकार म्हणजे पुढे कुणाला तरी लागेल असे नाव ओळखून आधीच नोंदवून ठेवणे. दुसरा, मुदत संपून सुटणारी नावे झेलणे. ‘डॉट कॉम’ नाव सुटण्याचा क्षण ठरलेला असतो आणि त्या क्षणाला टपून बसलेल्या कंपन्यांची यंत्रे ते डोळ्याचे पाते लवण्याआधी उचलतात; तिथे माणसाच्या हाताचे काम नाही. तिसरा प्रकार म्हणजे नाव नुसते ठेवून त्या जागी जाहिराती लावणे. चुकून तिथे आलेला वाटसरू जाहिरातीवर बोट टेकवतो आणि धारकाला काही पैसे मिळतात. मोकळ्या भिंतीवर जाहिरात रंगवू देऊन भाडे घ्यावे, तसाच हा व्यवहार. मोठी नावे लिलावात निघतात, आणि नाव हाती पडेपर्यंत रक्कम तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून राहते.

या बाजारातल्या कथा ऐकल्या की डोके गरगरते. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला गेले, आणि दोनच वर्षांनी ७५ लाख डॉलरला. ‘व्हॉइस डॉट कॉम’ला २०१९ साली तीन कोटी डॉलर मिळाले. पण अण्णांनी मला बाजारातला एक साधा नियम सांगितला होता: “विकलेल्या मालाची गोष्ट सगळे सांगतात. पडून राहिलेल्याची कोण सांगतो?” वर्तमानपत्रात विकल्या गेलेल्या नावांच्या बातम्या येतात. वर्षानुवर्षे भाडे भरून शेवटी सोडून दिलेल्या नावांची बातमी कधी येत नाही. आणि इथे अण्णांची स्थिती माझ्यापेक्षा बरी. त्यांचे कुलूप दहा वर्षे पोत्यात पडून राहिले, तरी ते दरवर्षी पैसे मागत नाही. माझे नाव मागते.

महाराष्ट्रातच या क्षेत्राचे एक मोठे उदाहरण आहे. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या दोघा भावांनी १९९८ साली ‘डायरेक्टी’ ही कंपनी सुरू केली. तेव्हा थोरला अठरा वर्षांचा आणि धाकटा सोळा वर्षांचा होता. भांडवल म्हणून घरून घेतलेले २५,००० रुपये होते. २०१४ साली त्यांनी कंपनीतला नावनोंदणी आणि संकेतस्थळांचा व्यवसाय ‘एन्ड्युरन्स’ या अमेरिकन कंपनीला सुमारे १६ कोटी डॉलरला विकला. ही कथा ऐकून अनेक मुले या धंद्यात उतरायला निघतात. पण तिच्यातला मुद्दा नीट पाहिला पाहिजे. त्यांच्या त्या व्यवसायाचा पाया म्हणजे नावे अडवून बसणे नव्हे. ‘बिगरॉक’, ‘रिसेलरक्लब’ अशी दुकाने काढून त्यांनी इतरांना नावे नोंदवून दिली, त्यासाठी लागणारी यंत्रणा उभी केली, चोवीस तास सेवा दिली. जत्रेत जुगाराच्या पटावर बसणारा वेगळा, आणि जत्रेला आलेल्यांना पाणी, चहा, जेवण पुरवणारा वेगळा. त्यांनी मुख्यतः दुसरे काम केले.

मला या बाजाराची ओढ लागली ती मात्र दुसऱ्याच एका बातमीने. आयपीएलच्या सामन्यांमुळे घराघरांत पोचलेली ‘हॉटस्टार’ पुढे ‘जिओ’मध्ये मिळून जाईल, असा तर्क दिल्लीच्या एका तरुण संगणक-तंत्रज्ञाने २०२३ साली केला. यापूर्वी ‘सावन’ ही गाण्यांची कंपनी घेतल्यावर तिचे ‘जिओसावन’ झाले होते, हे त्याच्या ध्यानात होते. त्याने ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे नाव नोंदवून टाकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण तोंडावर आले असताना, त्याने त्या जागी रिलायन्सला उद्देशून एक पत्र लावले: केंब्रिजला शिकण्याचे माझे स्वप्न आहे, त्याचा खर्च द्या आणि हे नाव घ्या. कंपनीने ते मान्य केले नाही. मग त्याने ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांना दिले, आणि त्या भावंडांनी पुढे ते रिलायन्सला मोफत देऊन टाकले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘जिओहॉटस्टार’ ही सेवा सुरू झाली.

ही बातमी मी दहा वेळा वाचली असेल. मला त्या तरुणाचा राग आला नाही, उलट आपलेपणा वाटला. शिकायची इच्छा आहे, पैसा नाही, आणि हातात आहे ती फक्त अक्कल. माझीही गोष्ट तीच नव्हती का? मी हिशेब मांडला आणि चार नावे घेतली. दोन नावे पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील अशी होती. तिसरे जेवणाच्या डब्यासंबंधी होते. आणि चौथे…

चौथे सांगताना आजही लाज वाटते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मामांचे मिसळीचे दुकान आहे. बावीस वर्षे ते स्वतः पहाटे उठून रस्सा करतात. त्यांच्या दुकानाचे नाव आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यांचा मुलगा घरपोच मिसळ देण्याची व्यवस्था करणार आणि त्यासाठी संकेतस्थळ काढणार, हे माझ्या कानावर आले होते. मी त्याच रात्री मामांच्या दुकानाचे नाव ‘डॉट इन’मध्ये माझ्या नावाने नोंदवले. महिनाभराने मुलाला निरोप धाडला: हे नाव माझ्याकडे आहे, १५,००० रुपयांना देईन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आमच्या घरी आले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते हसतच होते. “पोरी,” म्हणाले, “माझ्याच दुकानाची पाटी मला विकतेस व्हय?” मी त्यांना नोंदणीची पद्धत, आधी येईल त्याला आधी हा नियम, वगैरे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा घेतला आणि गेले. अण्णा त्या वेळी काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “माल कुणाचा?”

या प्रश्नाचा अर्थ जुन्या बाजारात बसणाऱ्याच्या मुलीला समजावून सांगावा लागत नाही. जुन्या बाजाराविषयी लोक वाटेल ते बोलतात. म्हणूनच अण्णा कुणी काही विकायला आणले की आधी भाव विचारत नाहीत, “माल कुणाचा?” हे विचारतात. उत्तर पटले नाही, तर सोन्याचे कुलूप असले तरी घेत नाहीत. आणि त्यांच्या मुलीने मामांचा माल मामांनाच विकायला काढला होता. २०२० च्या टाळेबंदीत जुना बाजार बंद होता, तेव्हा स्वतःचे दुकान बंद असताना मामांनी अर्धे पोते कांदेबटाटे आमच्या घरी पाठवले होते. हे मला आठवत नव्हते असे नाही. ते आणि हे वेगळे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

यानंतर मी कायदा वाचला. खरे म्हणजे तो आधी वाचायला हवा होता. या बाबतीत आपल्या देशातल्या पहिल्या काही निकालांपैकी एक मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. १९९९ साली ‘रेडिफ’ या मुंबईच्या कंपनीने तक्रार केली की, दुसऱ्या एका कंपनीने इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ डॉट कॉम’ असे नाव घेतले आहे. डोमेन-नाव हा नुसता पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि ते नाव वापरायला मनाई केली. पुढे २००४ साली ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व उचलून धरले. डोमेन-नावांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. परंतु दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये, हे व्यापारचिन्हांच्या बाबतीतले जुने तत्त्व इथेही लागू होते, असे त्या निकालाचे सार आहे.

न्यायालयाबाहेरचीही एक वाट आहे. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी आयकॅनने १९९९ साली तंटा सोडवण्याची पद्धत घालून दिली, ‘डॉट इन’साठी निक्सीची अशीच पद्धत आहे आणि तिच्यात लवाद निर्णय देतो. दोन्हीकडे तक्रारदाराने दाखवायच्या गोष्टी साधारण सारख्या आहेत. नाव माझ्या नावाशी सारखे किंवा फसवे सारखे आहे. ज्याने घेतले त्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही. आणि त्याचा हेतू शुद्ध नाही. मूळ धारकालाच चढ्या भावाने विकण्यासाठी नाव अडवणे, हा अशुद्ध हेतूचा स्पष्ट पुरावा मानला जातो. मी मामांच्या मुलाला पाठवलेला निरोप म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा मीच लिहून दिला होता!

मात्र इथेच मला एक गोष्ट खटकली, आणि ती मोकळेपणाने मांडते. ‘डॉट कॉम’च्या तंट्यासाठी जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका परीक्षकापुढे तक्रार न्यायची, तर शुल्कच १,५०० डॉलर आहे. म्हणजे लाखाच्या वर रुपये, आणि वकिलाचा खर्च वेगळा. रिलायन्सचे नाव कुणी अडवले, तर तिच्याकडे वकिलांची फौज आहे. मामांचे नाव अडवले, तर मामा काय करणार? ज्यांनी व्यापारचिन्हाची नोंदणी हा शब्दसुद्धा ऐकलेला नाही, त्यांनी आपला हक्क सिद्ध तरी कसा करायचा? कायदा कागदावर सर्वांना सारखा असला, तरी त्याच्या दारापर्यंत जायचे भाडे सर्वांना सारखे परवडत नाही. केंब्रिजसाठी रिलायन्सपुढे उभा राहिलेला तरुण आपल्यापेक्षा फार मोठ्याशी झुंजत होता. मी मात्र माझ्यासारख्याच एका माणसाला अडवत होते. फरक एवढाच की, मला संगणक येत होता आणि मामांना येत नव्हता. शिक्षणाचा मी केलेला हा पहिला उपयोग!

मग हा सगळा धंदाच वाईट म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. सीमारेषा कुठे आहे ते पाहिले पाहिजे. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत. शनिवार, रविवार, सोमवार हे वार कुणाच्या मालकीचे नव्हते. तिथे व्यापारी आणि कारागीर येऊन बसले, राबले, म्हणून ‘रविवार पेठ’ या दोन शब्दांना मोल आले. तसेच ‘बिझनेस’ किंवा ‘व्हॉइस’ हे शब्दकोशातले शब्द आहेत. ते आधी ओळखून कुणी घेतले, भाडे भरत धोका पत्करला आणि नंतर नफ्याने दिले, तर तो व्यापारच आहे. मोक्याची जागा आधी ओळखण्याची ती किंमत आहे. परंतु एखाद्याने घाम गाळून जे नाव मोठे केले, ते अडवून त्यालाच विकणे हा व्यापार नव्हे. आपल्या शहरातल्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी दिसते. बाहेरचे लोक तिला हसतात. पण नावाची चोरी ही इंटरनेटच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे, हेच ती पाटी सांगत असते. ज्याला न्यायालय परवडत नव्हते, त्याने दारावरच आपला दावा रंगवून ठेवला.

माझ्या अनुभवावरून दोनतीन व्यावहारिक गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या घरचा किंवा ओळखीच्या कुणाचा छोटा धंदा असेल, तर त्याचे नाव आजच त्या माणसाच्या स्वतःच्या नावाने आणि त्याच्याच मोबाईल क्रमांकावर नोंदवून द्या. संकेतस्थळ करून देणारा माणूस ते स्वतःच्या नावाने नोंदवून ठेवतो आणि पुढे भांडण होते, असेही घडते. नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षाचा भाव आधी विचारा. आणि ‘तुमचे नाव कोट्यवधींना जाईल, आधी मूल्यांकनाचे पैसे भरा’ असा निरोप आला, तर तो सरळ फसवणूक समजा.

आणखी एक सांगण्यासारखे आहे. २०१४ साली देवनागरीतून ‘डॉट भारत’ हा विभाग सुरू झाला. म्हणजे संपूर्ण पत्ता मराठीत लिहिता येतो. या कामी लिपीचे नियम बसवून देण्यात आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा वाटा आहे. हा विभाग अजून फारसा रुळलेला नाही. त्यामुळे इंग्रजीत केव्हाच संपलेली साधी, सुंदर नावे मराठीत मोकळी सापडतात. तिथे नुसती अडवून ठेवणारी माणसे पोचण्याआधी काम करणारी माणसे पोचली, तर किती बरे होईल!

माझ्या चार नावांचे काय झाले, ते सांगून लेख संपवते. खोल्यांची दोन नावे कुणी विचारलीसुद्धा नाहीत. वर्ष संपले तेव्हा ती मी सोडून दिली. मामांचे नाव मी त्यांच्या मुलाच्या खात्यावर करून दिले. नोंदणीला पडलेले सातशे रुपये मामा देऊ लागले. मी घेतले नाहीत, तेव्हा त्यांनी बळेच दोन बशा मिसळ पुढे ठेवली, आणि बाजूच्या बाकावरच्या गिऱ्हाईकाला सांगितले, “हिला कॉम्प्युटरमधलं सगळं समजतं.” तो घास गिळताना मला फार कठीण गेले.

राहिले डब्याचे नाव. ते मी ठेवले आहे, आणि दुसऱ्या वर्षाचे पैसेही भरले आहेत. आमच्या आळीतल्या चार बाया बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना डबे देतात. माझी आई त्यांतली एक आहे. त्यांच्या डब्यांची माहिती आणि भाव त्या जागी लिहायला मी सुरुवात केली आहे. अजून पुरते जमलेले नाही. पण परवा अण्णांनी पुन्हा विचारले, “हा माल कुणाचा?” या वेळी मला उत्तर देता आले.